महानगर आणि भूकंप : टोकियो शहराचा शंभर वर्षांचा धडा

नैसर्गिक आपत्ती गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. व्यासपीठावरून हे वाक्य चांगले वाटते. परंतु भूकंपांच्या नोंदी तपासून पाहिल्या म्हणजे हे विधान निम्मेच खरे असल्याचे दिसून येते. भूकंप सर्वांसाठी एकाच क्षणी होतो हे खरे. पण जमीन सर्वत्र सारखी हलत नाही आणि त्या जमिनीवरची घरे तर मुळीच सारखी नसतात. कोण वाचणार आणि कोण गाडला जाणार, याचा बराचसा निर्णय भूकंपापूर्वी कित्येक वर्षे होऊन गेलेला असतो. घर कशाचे बांधले, कोणत्या जमिनीवर बांधले, गल्ली किती रुंद ठेवली, शेजारी कोण आहे आणि त्याच्याशी आपले संबंध कसे आहेत, यांवर तो ठरतो.

प्रस्तुत लेखात आम्ही हा विषय समजून घेण्यासाठी जपानची राजधानी टोकियो हे उदाहरण निवडले आहे. त्याची कारणे तीन. एक, टोकियो आणि त्याला लागून असलेले कानागावा, साइतामा व चिबा हे प्रांत मिळून सुमारे ३ कोटी ७० लाख लोकांची वस्ती होते. जपानच्या एकूण लोकसंख्येचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होय. दोन, या शहराने १९२३ साली भूकंपाचा भयंकर तडाखा सोसलेला आहे. तीन, पुढचा भूकंप येणार हे गृहीत धरून तेथील शासन आणि सामान्य नागरिक दीर्घकाळ तयारी करीत आले आहेत. त्या तयारीत काय साधले आणि काय राहिले, हे अभ्यासण्यासारखे आहे.

टोकियोखालची जमीन

पृथ्वीचे बाह्य कवच एकसंध नसून ते अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट असे म्हणतात. हे भूपट्ट अतिशय मंद गतीने सरकत असतात. टोकियो ज्या कांतो मैदानावर वसले आहे, त्याच्या खाली तीन भूपट्टांची गाठ पडते. ज्या भूपट्टावर शहर उभे आहे, त्याच्या खाली दक्षिणेकडून फिलिपीन समुद्राचा भूपट्ट घुसतो आणि त्याच्याही खाली पूर्वेकडून पॅसिफिक महासागराचा भूपट्ट शिरतो. पॅसिफिक भूपट्टाची गती वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर, तर फिलिपीन भूपट्टाची ३ ते ४ सेंटिमीटर एवढी आहे.

एवढ्याशा सरकण्याने काय होणार, असे कुणालाही वाटेल. पण भूपट्ट एकमेकांवर घासताना काही ठिकाणी अडकून बसतात. वरचा भूपट्ट वाकवलेल्या बांबूसारखा ताण साठवीत राहतो. वर्षाला ३ सेंटिमीटर म्हणजे दोनशे वर्षांत ६ मीटर. एके दिवशी ही अडकण सुटते, साठलेला ताण काही सेकंदांत मोकळा होतो आणि जमीन हादरते. त्यालाच आपण भूकंप म्हणतो.

येथे दोन संकल्पनांमधील फरक विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. भूकंपाचा मॅग्निट्यूड म्हणजे मुळाशी सुटलेल्या ऊर्जेचे माप. एका भूकंपाला एकच मॅग्निट्यूड असतो. तो एक अंकाने वाढला तर ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, दोन अंकांनी वाढला तर सुमारे हजारपट. हादऱ्याची तीव्रता मात्र ठिकाणागणिक बदलते. ढोल एकच वाजतो. जवळ उभ्या असलेल्याच्या छातीत तो घुमतो आणि गल्लीच्या टोकाला अस्पष्ट ऐकू येतो, तसेच हे आहे. जपानमध्ये तीव्रता मोजण्यासाठी ० ते ७ अशी वेगळी श्रेणी वापरतात. तिच्यात ५ आणि ६ या पायऱ्यांचे 'कमी' व 'अधिक' असे पोटभाग आहेत.

टोकियोला दोन प्रकारच्या भूकंपांचा धोका आहे. पहिला प्रकार सागामी उपसागरालगतच्या खोल घळीतून उद्भवणाऱ्या ८ मॅग्निट्यूडच्या आसपासच्या महाभूकंपांचा. असे भूकंप १७०३ आणि १९२३ साली झाले. दोन महाभूकंपांत दोनशे ते चारशे वर्षांचे अंतर पडते, असे शास्त्रज्ञ मानतात. दुसरा प्रकार ७ मॅग्निट्यूडच्या आसपासच्या, पण शहराच्या थेट खाली होणाऱ्या भूकंपांचा. १८५५ साली एदो, म्हणजे जुन्या टोकियोत, असाच भूकंप होऊन हजारो लोक मृत्युमुखी पडले. जमिनीखालचा मोठा मासा हलला की भूकंप होतो, अशी तेव्हाच्या सामान्य जनांची समजूत होती. त्या भूकंपानंतर अशा माशाची शेकडो चित्रे छापून विकली गेली. त्यांतील काही चित्रांत सुतार आणि गवंडी माशाचे आभार मानताना दाखविले आहेत, कारण पडझडीमुळे त्यांना भरपूर काम मिळाले होते. आजचे टोकियोचे नियोजन मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकारच्या भूकंपासाठी चालते.

१ सप्टेंबर १९२३

त्या दिवशी शनिवार होता. दुपारचे ११ वाजून ५८ मिनिटे झाली होती. घरोघरी आणि खाणावळींतून चुली व शेगड्या पेटलेल्या होत्या. अशा वेळी ७.९ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. योकोहामा शहर जवळजवळ उद्ध्वस्त झाले. डोंगर घसरून नेबुकावा स्थानकातील आगगाडी प्रवाशांसह समुद्रात ढकलली गेली. समुद्रकिनाऱ्यावर त्सुनामीच्या लाटा आल्या. परंतु सर्वांत मोठी हानी केली ती आगीने. पडलेल्या लाकडी घरांखालच्या चुलींतून एकाच वेळी अनेक ठिकाणी आगी लागल्या. जपानच्या उत्तर किनाऱ्याकडून वादळ जात असल्याने वारा जोराचा होता. पाण्याचे नळ फुटलेले होते. ३ सप्टेंबरच्या सकाळपर्यंत आग धुमसत राहिली आणि तेव्हाच्या टोकियो शहराचा ४० टक्क्यांहून अधिक भाग जळून गेला. एकूण मृतांची संख्या सुमारे १ लाख ५ हजार. त्यांपैकी दहात नऊ जण आगीने मेले.

सुमिदा नदीच्या पूर्वेला होंजो भागात लष्करी कपड्यांच्या जुन्या कारखान्याची मोकळी जागा होती. मोकळी जागा म्हणजे सुरक्षित जागा, या समजुतीने हजारो लोक तेथे जमले. येताना त्यांनी गाद्या, कपाटे, हातगाड्यांवर लादलेले सामान सोबत आणले. दुपारनंतर चहूबाजूंनी आग आली, ठिणग्या त्या सामानावर पडल्या आणि आगीचा भोवरा उठला. त्या एकाच जागेत सुमारे ३८ हजार लोक प्राणास मुकले. आज तेथे स्मारक-भवन आहे. वास्तुशास्त्रज्ञ इतो चुता यांनी बौद्ध मंदिराच्या धर्तीवर, मागे तीन मजली स्तूप असलेले हे भवन उभारले. ते १९३० साली पूर्ण झाले.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. असाकुसा येथील सेन्सोजी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या आवारात मोठा जनसमुदाय आश्रयाला आला होता. झाडी, तळ्याचे पाणी आणि लोकांची धडपड यांमुळे ते मंदिर त्या आगीतून वाचले. कांदा भागातील इझुमी-चो आणि साकुमा-चो या वस्त्यांतील रहिवासी तर पळालेच नाहीत. त्यांनी रांगा लावून हातोहात बादल्या पुढे केल्या, मिळेल तो पंप वापरला आणि आळीपाळीने रात्रंदिवस आगीशी झुंज दिली. भोवतालचे सर्व काही जळून गेले. ही वस्ती, सुमारे १६०० घरे, वाचली.

दोन प्राध्यापक

हा भूकंप कुणाच्याच ध्यानीमनी नव्हता, असे मात्र नाही. टोकियो विद्यापीठातील इमामुरा आकित्सुने या तरुण अभ्यासकाने १९०५ सालीच एका मासिकात लेख लिहिला होता. येत्या पन्नास वर्षांत टोकियोला मोठा भूकंप होऊ शकतो आणि शहराची लाकडी बांधणी पाहता आगीने लाखावर माणसे मरतील, म्हणून रॉकेलच्या दिव्यांऐवजी विजेचे दिवे लावावेत, असे त्यांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांनी त्यातील भयंकर तेवढे उचलले आणि लोकांत घबराट पसरली. तेव्हा त्याच विद्यापीठातील ज्येष्ठ प्राध्यापक ओमोरी फुसाकिची यांनी हे भाकीत निराधार असल्याचे जाहीरपणे सांगितले. इमामुरांची चेष्टा झाली.

ओमोरी हे काही अडाणी गृहस्थ नव्हते. मोठ्या भूकंपानंतरचे लहान धक्के कसे कमी होत जातात, याचा त्यांनी मांडलेला नियम आजही जगभर वापरला जातो. घबराट थांबविणे हाच त्यांचा हेतू होता. परंतु घबराट थांबविताना सावधगिरीही थांबली. १ सप्टेंबर १९२३ रोजी ओमोरी ऑस्ट्रेलियात होते. सिडनी येथील वेधशाळेत भूकंपमापकाची सुई हलताना त्यांनी स्वतः पाहिली. आजारी अवस्थेतच ते मायदेशी परतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. त्यांची जागा इमामुरा यांनी घेतली.

या प्रसंगातून घ्यावयाचा बोध असा की, धोक्याविषयी बोलताना भीती पसरविणे जसे अहितकारक, तसेच सर्व काही ठीक आहे असे सांगणेही अहितकारक आहे. धोका किती आहे आणि त्यावर काय करता येईल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या पाहिजेत.

अफवेने घेतलेले बळी

१९२३ च्या भूकंपातील सर्व मृत्यू निसर्गाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. त्या वेळी कोरिया जपानच्या ताब्यात होता. पोटासाठी आलेले अनेक कोरियन मजूर टोकियो-योकोहामा परिसरात राबत होते. भूकंपानंतर काही तासांतच अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत, आगी लावीत आहेत. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या जळालेल्या, तारायंत्र बंद. खरे काय ते कळण्याचा मार्गच उरला नव्हता. ज्यांनी अफवा थोपवावयाची त्या पोलिसांनीही ती पुढे पसरविली. गल्लोगल्ली स्वयंघोषित रक्षक दले उभी राहिली. हाती काठ्या, भाले, तलवारी घेऊन त्यांनी नाकेबंदी केली. येणाऱ्या-जाणाऱ्यास 'पंधरा येन पन्नास सेन' हे शब्द जपानीत म्हणावयास लावीत. ज्याचा उच्चार वेगळा वाटे, त्याला तेथेच ठार मारीत. बोलीभाषेमुळे काही जपानी माणसेही यात बळी पडली. चिनी मजुरांची हत्या झाली. लष्करी पोलिसांनी ओसुगी साकाए व इतो नोए या विचारवंतांना आणि त्यांच्यासोबतच्या सहा वर्षांच्या भाच्याला ठार मारले.

किती कोरियन मारले गेले, याचा आकडा आजही वादाचा आहे. काही हजारांपासून सहा हजारांवर असे निरनिराळे अंदाज आहेत. भूकंपातील एकूण मृतांपैकी एक ते काही टक्के लोक अशा हत्यांत मेले असावेत, असे जपान शासनाच्या तज्ज्ञांच्या अहवालातही म्हटले आहे. होंजोच्या स्मारक-उद्यानात १९७३ साली या कोरियन बळींचे स्मरण करणारी शिळा बसविण्यात आली.

जो समाज आधीच हीन लेखला गेला आहे, संकटकाळी संशयाची सुई प्रथम त्याच्याकडेच वळते. ही गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच आपत्तीच्या तयारीत सिमेंट आणि सळयांइतकेच महत्त्व खऱ्या माहितीला आणि शेजाऱ्यांमधील विश्वासाला आहे. या अभ्यासातून आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच.

राखेतून शहर

भूकंपानंतर गृहमंत्री झालेले गोतो शिंपेई यांनी राजधानीच्या पुनर्रचनेची मोठी योजना मांडली. तिच्या खर्चाला बरीच कात्री लागली, तरी जे झाले ते थोडे नव्हते. रुंद रस्ते काढले गेले. सुमिदा नदीवर मजबूत पोलादी पूल बांधले. तीन मोठी आणि ५२ लहान उद्याने तयार झाली. ही लहान उद्याने सिमेंट-काँक्रीटच्या प्राथमिक शाळांना लागून ठेवण्यात आली. एरवी मुलांना खेळायला जागा, आपत्तीत वस्तीला आसरा आणि आगीला अडथळा, असा तिहेरी उपयोग त्यामागे योजलेला होता.

पुढे महायुद्धात शहर पुन्हा जळाले आणि घाईने पुन्हा उभे राहिले. त्या घाईत अरुंद गल्ल्यांच्या, दाट लाकडी घरांच्या वस्त्यांचा पट्टा शहराच्या मध्यभागाभोवती तयार झाला. आजची चिंता आहे ती याच पट्ट्याची.

कोबे शहराने दिलेला इशारा

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे परिसरात ७.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. ६,४३४ माणसे मेली. १९२३ साली आगीने माणसे मारली होती. कोबेत बहुतेक लोक स्वतःच्या घराखाली चिरडून मेले. कौलांच्या जड छपरांची जुनी लाकडी घरे झोपलेल्या माणसांवर बसली. जपानने १९८१ साली बांधकामाचे नियम कडक केले होते. त्या नियमांनुसार बांधलेल्या इमारती मोठ्या प्रमाणावर टिकल्या आणि त्यापूर्वीच्या पडल्या. म्हणून त्याच वर्षी जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणासाठी कायदा करण्यात आला.

कोबेत ढिगाऱ्याखालून सुटकेची गरज पडलेल्या सुमारे ३५ हजार लोकांपैकी सुमारे २७ हजार लोकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बाहेर काढले, असा अंदाज आहे. पोलीस, अग्निशामक दल आणि सैन्य यांनी मिळून वाचविलेले सुमारे आठ हजार. महानगरात एकाच वेळी हजारो ठिकाणी मदत लागते तेव्हा जगातले कोणतेही शासन पहिल्या तासात सर्वत्र पोहोचू शकत नाही, हा याचा अर्थ.

कोबेच्या नागाता भागात कोरियन आणि व्हिएतनामी कामगारांची मोठी वस्ती होती. तेथे भूकंपानंतर त्यांच्या स्वतःच्या भाषांतून माहिती देणारे स्थानिक रेडिओ प्रसारण सुरू झाले. पाणी कोठे मिळते, छावणी कोठे आहे, हे प्रत्येकाला समजेल अशा भाषेत सांगितले गेले. १९२३ ची आठवण ठेवली तर या साध्या कामाचे मोल ध्यानात येते.

'७० टक्के' म्हणजे काय?

तीस वर्षांच्या काळात टोकियो परिसरात ७ मॅग्निट्यूडच्या आसपासचा भूकंप होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आहे, असे जपानच्या भूकंप संशोधन समितीने सांगितले आहे. हा आकडा कसा काढला, हे पाहणे विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल.

१७०३ ते १९२३ या २२० वर्षांत त्या भागात असे ८ भूकंप झाले. २२० ला ८ ने भागले की २७.५ येतात. म्हणजे सरासरी साडेसत्तावीस वर्षांत एक. परंतु भूकंप काही वेळापत्रकाने येत नाहीत. कधी दोन भूकंप जवळजवळ येतात, कधी दीर्घ शांतता असते. अशा अनियमित घटनांसाठी संभाव्यताशास्त्रात जे गणित आहे, त्यानुसार ३० वर्षांत एकही भूकंप न होण्याची शक्यता सुमारे एक-तृतीयांश येते. उरलेली दोन-तृतीयांश शक्यता म्हणजे किमान एक भूकंप होण्याची. तीच ढोबळमानाने ७० टक्के म्हटली जाते.

हा आकडा कोणतीही तारीख सांगत नाही. दहा वर्षे शांततेत गेली म्हणून धोका संपत नाही आणि या गणितात तो वाढतही नाही. पुढच्या ३० वर्षांसाठी तो तेवढाच राहतो. अमुक दिवशी भूकंप होणार असे सांगणारी कोणतीही विश्वसनीय पद्धत आज जगात उपलब्ध नाही. तसे कुणी सांगितले तर ती अफवा समजावी.

मग जपानमध्ये भूकंपापूर्वी सूचना मिळते ती कशी? भूकंपाच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. पहिली लहर वेगवान पण सौम्य असते, सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावणारी. दुसरी विध्वंसक लहर सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर धावते. केंद्र ६० किलोमीटर दूर असेल तर पहिली १० सेकंदांत आणि दुसरी सुमारे १७ सेकंदांत पोहोचते. केंद्राजवळच्या यंत्रांनी पहिली लहर पकडली की विजेच्या वेगाने दूरच्या लोकांना इशारा जातो. २००७ पासून ही सोय सर्वसामान्यांसाठी सुरू आहे. मिळणारे सेकंद थोडे असले तरी टेबलाखाली शिरायला पुरतात. मात्र केंद्र थेट शहराखाली असेल तर हे सेकंदही मिळत नाहीत.

धोका कोणाला अधिक?

जपानच्या केंद्रीय समितीने २०१३ साली असा अंदाज मांडला की, हिवाळ्यातील संध्याकाळी, जोराच्या वाऱ्यात, राजधानीखाली ७.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला तर संपूर्ण परिसरात जास्तीत जास्त २३ हजार माणसे मरतील आणि ६ लाख १० हजार इमारती पडतील वा जळतील. यातील १६ हजारांपर्यंत मृत्यू आगीचे असू शकतात. टोकियो महानगर शासनाने केवळ आपल्या हद्दीसाठी २०२२ साली वेगळा अंदाज केला. त्यात मृतांची संख्या ६,१४८ आहे. याच शासनाच्या २०१२ च्या अंदाजात ती सुमारे ९,७०० होती. दहा वर्षांत जुन्या घरांची मजबुती झाली, दाट लाकडी वस्त्या कमी झाल्या, म्हणून आकडा उतरला. अंदाज घाबरविण्यासाठी नसतो. केलेल्या कामाचा हिशेब ठेवण्यासाठी असतो, हे यावरून समजते.

टोकियो शासन ठरावीक वर्षांनी पाच हजारांहून अधिक वस्त्यांची पाहणी करून प्रत्येकीला १ ते ५ असा धोक्याचा क्रमांक देते आणि तो जाहीर करते. सर्वाधिक धोक्याच्या वस्त्या अराकावा, अदाची, सुमिदा अशा भागांत एकवटलेल्या दिसतात. नदीकाठची मऊ गाळाची जमीन, जुनी लाकडी घरे, बंब आत जाऊ शकणार नाही अशा गल्ल्या आणि वृद्ध रहिवासी, हे सर्व तेथे एकत्र आले आहे. पश्चिमेकडच्या उंच, घट्ट जमिनीवर पूर्वी सरदार-उमरावांची वस्ती होती. पूर्वेच्या सखल भागात कारागीर, मजूर व छोटे व्यापारी राहात. म्हणजे जमिनीचा कमकुवतपणा आणि माणसाची गरिबी यांची गाठ शतकांपूर्वीच पडलेली आहे.

उंच इमारतींचेही स्वतःचे प्रश्न आहेत. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानमध्ये ९.० मॅग्निट्यूडचा महाभूकंप झाला, तेव्हा शेकडो किलोमीटर दूर टोकियोतील गगनचुंबी इमारती कित्येक मिनिटे झुलत राहिल्या. खाडीकाठच्या भराव टाकलेल्या जमिनीत, विशेषतः उरायासू येथे, वाळू आणि पाणी वर उसळून घरे कलली. आगगाड्या थांबल्याने राजधानी परिसरात सुमारे ५० लाख लोकांना त्या रात्री घरी परतता आले नाही.

तयारी कशी चालते?

टोकियोतील तयारीची काही ठळक उदाहरणे अशी :

१) सुमिदा नदीकाठी शिराहिगे येथे १३ मजली इमारतींची सुमारे सव्वा किलोमीटर लांबीची सलग रांग उभारली आहे. ती लोकांची घरे तर आहेतच. शिवाय आग अडविणारी भिंतही आहे. इमारतींमधील फटी पोलादी दारांनी बंद करता येतात. भिंतीमागे मोठे उद्यान आहे. होंजोची पुनरावृत्ती होऊ नये, हा त्यामागील विचार.

२) मुकोजिमा भागातील अरुंद गल्ल्यांत रहिवाशांनी पावसाचे पाणी साठविणाऱ्या टाक्या बसविल्या आहेत. त्यांवर हातपंप असतो. एरवी झाडांना पाणी घालावे, आग लागली तर तेच पाणी वापरावे.

३) मोठा हादरा बसताच घरातील गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. कोबेत कारण समजलेल्या आगींपैकी सुमारे ६० टक्के आगी विजेमुळे लागल्या होत्या. गेलेली वीज परत आली तेव्हा पडलेले हीटर व तुटलेल्या तारा पेटल्या. म्हणून हादऱ्याबरोबर वीज तोडणारे खटके बसविण्यावर भर दिला जातो.

४) १९६० पासून १ सप्टेंबर हा दिवस आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळतात. शाळा, कचेऱ्या, वस्त्या यांतून कवायती होतात.

५) २०१५ साली टोकियो शासनाने आपत्तीच्या तयारीविषयीचे सचित्र पुस्तक शहरातील प्रत्येक घरात विनामूल्य पोहोचविले.

आणि तरीही काम अपुरेच आहे. घर मजबूत करायला पैसा लागतो. सरकारी अनुदान मिळाले तरी उरलेली रक्कम एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. ज्या घरांना मजबुतीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच मालकांकडे ऐपत सर्वांत कमी, ही अडचण जपानसारख्या संपन्न देशालाही पूर्णपणे सोडविता आलेली नाही.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप मुंबईपर्यंत जाणवला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, त्याचा मॅग्निट्यूड सव्वासहाच्या आसपास होता. टोकियोच्या मानाने हा लहानच भूकंप. तरी आठ ते दहा हजार माणसे मेली, कारण मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद झोपलेल्या कुटुंबांवर कोसळले. २००१ साली कच्छच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या आणि शेकडो लोक मेले. घराचा दोष खेड्यात दगड-मातीचा असतो, शहरात तो खांबांच्या कमी सळयांचा आणि तळमजला पोकळ ठेवण्याचा असतो.

तेव्हा आपण आपल्या वस्तीपुरते काही निश्चित करू शकतो. इमारतीचे वय व बांधणी जाणकाराकडून तपासून घ्यावी. कपाटे भिंतीला पक्की करावीत, झोपण्याच्या जागेवर जड वस्तू ठेवू नये. हादरा सुरू झाला की जिन्याकडे धाव न घेता टेबलाखाली डोके झाकून बसावे. हादरा थांबल्यावर गॅस व विजेचे मुख्य बटण बंद करावे आणि जाताना सामान ओढीत नेऊ नये. होंजो येथे त्या सामानानेच घात केला. वस्तीत वृद्ध, अपंग, लहान मुले कोणत्या घरात आहेत, त्यांची यादी मंडळाकडे असावी. आणि अफवा कानी आली तर ती पुढे न सांगता आधी पडताळून पाहावी, विशेषतः ती एखाद्या जाती-धर्माच्या वा परप्रांतातून आलेल्या लोकांविषयी असेल तर. ही सवय आपत्तीच्या दिवशी अचानक लागत नाही. ती रोजच्या व्यवहारात लावून घ्यावी लागते.

अभ्यास मंडळातील चर्चेसाठी पुढील प्रश्न आम्ही सुचवीत आहोत :

१) कांदा येथील वस्ती वाचली आणि होंजो येथील माणसे वाचली नाहीत, यामागील कारणांची तुलना करा.

२) एखाद्या भागात १५० वर्षांत ५ भूकंप झाले असतील तर सरासरी अंतर किती? त्यावरून पुढील भूकंपाची तारीख सांगता येईल काय? कारणे द्या.

३) केंद्र ९० किलोमीटर दूर असेल तर दोन लहरींमध्ये किती सेकंदांचे अंतर पडेल?

४) आपल्या वस्तीचा नकाशा काढा. त्यात मोकळी जागा, पाण्याचे साठे, अरुंद गल्ल्या आणि मदतीची गरज असलेली घरे दाखवा.